गॅसच्या पाइपचं बाँडिंग: आधी काय तपासायचं, मग वायर कुठे जोडायची

कोपरखैरण्यातल्या एका जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी मला बोलावलं होतं. तक्रार अशी, की सकाळी गॅसचा कॉक उघडताना दुसरा हात सिंकच्या नळाला लागला तर झिणझिण्या येतात. आधी आलेल्या वायरमनने टेस्टर लावला, टेस्टर मिणमिणला, ‘इंडक्शन आहे’ असं सांगून तो निघून गेला. मी मल्टिमीटर लावला तर पाइप आणि नळ यांच्यामध्ये ११० व्होल्टच्या आसपास दाखवत होता. काकूंच्या घरातला मेन पाडला, तरी आकडा हलला नाही. म्हणजे दोष त्यांच्या घरात नव्हताच. लोकांना विचारून एकेका फ्लॅटचा मेन बंद करत आम्ही खाली आलो आणि दुसऱ्या मजल्यावर कारण सापडलं. बाल्कनीतल्या वॉशिंग मशीनच्या सॉकेटला अर्थ, म्हणजे दोष झाला तर करंट जमिनीत नेणारी वायर, नव्हता. म्हणून कुणीतरी अर्थच्या पिनेमागून हिरवी वायर बाहेर काढून शेजारून जाणाऱ्या गॅसच्या पाइपला गुंडाळली होती.

वॉशिंग मशीनच्या आत एक फिल्टर असतो. त्याचे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल अशा दोन्हींकडून मशीनच्या बॉडीला जोडलेले असतात. अर्थ नसेल तर बॉडी त्या दोघांच्या अधेमधे, ११५ व्होल्टच्या जवळपास तरंगत राहते. त्यातून जाणारा करंट अगदी थोडा असतो, म्हणून काकूंना नुसत्या झिणझिण्या आल्या. पण त्याच मशीनच्या मोटरचं वाइंडिंग उद्या बॉडीला टेकलं असतं, तर पूर्ण २३० व्होल्ट त्या पाइपावर आले असते. आणि तो पाइप प्रत्येक मजल्यावर कुणाच्या ना कुणाच्या स्वयंपाकघरात शिरतो.

ठाण्यात आणि नवी मुंबईत मी वायरिंगची कामं करतो, आणि गॅसच्या पाइपला गुंडाळलेल्या अशा वायरी अजूनही दिसतात. करणाऱ्याला वाटतं, लोखंडी पाइप आहे, कुठेतरी जमिनीत गेलाच असेल. इथेच फसगत होते. महानगर गॅसची जमिनीखालची लाइन इमारतीच्या पायथ्यापर्यंत पिवळ्या पॉलिथिलीनच्या पाइपातून येते. पॉलिथिलीन वीज वाहून नेत नाही. त्याच्या पुढे जीआयचा, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचा, उभा पाइप (रायझर) सुरू होतो आणि भिंतीला क्लॅम्प मारून वर चढतो. म्हणजे बाहेरून दिसणारा तो उंच पाइप जमिनीशी धड जोडलेलाच नसतो. त्याला अर्थ समजून वायर जोडणं म्हणजे आपल्या घरातला दोष शेजाऱ्यांच्या ओट्यावर नेऊन ठेवणं.

बाँडिंग म्हणजे नेमकं काय

गॅसचा पाइप अर्थ म्हणून वापरायचा नाही, हे वायरिंगच्या मानकांमध्ये स्पष्ट आहे. बाँडिंगमध्ये जोडणीची दिशा उलटी असते. घराचा खरा अर्थ आधीच शाबूत असतो. डीबीतल्या (घरातल्या विजेच्या मुख्य बॉक्समधल्या) अर्थच्या पट्टीपासून एक जाड तांब्याची वायर आणून ती पाइपाला जोडायची, म्हणजे हाताला लागणारे धातूचे सगळे भाग एकाच पातळीवर येतात. समजा, कुठे दोष झाला आणि फ्रिजची बॉडी क्षणभर ८० व्होल्टवर गेली. पाइप बाँड केलेला असेल तर तोही ८० वर जातो. एक हात फ्रिजच्या दारावर आणि दुसरा कॉकवर असला तरी दोघांमध्ये फरक उरत नाही, त्यामुळे छातीतून करंट जात नाही.

गॅसमुळे आणखी एक कारण जोडलं जातं. पाइपाने येणारा गॅस मुख्यतः मिथेन असतो. हवेत मिथेनचं प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असलं की ते पेटू शकतं, आणि पेटायला एका मिलिज्यूलच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी ऊर्जेची ठिणगी पुरते. पाइपातून कुठलातरी भटका करंट वाहत असेल आणि मीटर बदलायला आलेल्या माणसाने सांधा सोडला, तर ठिणगी पडते ती नेमकी गॅस बाहेर येतो त्याच जागी. म्हणून जाणता फिटर सांधा सोडण्यापूर्वी दोन्ही बाजूंना क्लिप लावून तात्पुरती तांब्याची वायर बांधतो. घरी कुणी तसं करताना दिसलं तर त्याला घाई करायला लावू नका.

ज्यांच्याकडे सिलिंडर रबरी नळीने थेट शेगडीला जोडलेला आहे, त्यांना यातलं काही करायची गरज नाही. मात्र सोसायटीच्या गॅस बँकेतून धातूच्या पाइपाने एलपीजी घरोघरी येत असेल, तर पुढचं सगळं त्यांनाही लागू आहे.

पहिलं काम: तुमचा अर्थ जिवंत आहे का

या टप्प्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो, आणि तुम्हीही घालवा. मेलेल्या अर्थला पाइप बाँड करणं हे न करण्यापेक्षा वाईट आहे. तसं केलं तर कोपरखैरण्यात जे एका हिरव्या वायरीने झालं, तेच तुम्ही जाड वायरीने आणि पैसे मोजून कराल.

वायरमनला मल्टिमीटर घेऊन बोलवा. टेस्टरवर भागणार नाही, कारण टेस्टर नुसत्या तरंगत्या व्होल्टेजनेही पेटतो. स्वयंपाकघरातल्या तीन पिनी सॉकेटवर तीन मापं घ्यायची. फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास हवं. फेज ते अर्थ जवळजवळ तेवढंच हवं. न्यूट्रल ते अर्थ एखाद-दोन व्होल्ट हवं. फेज ते अर्थ ६०, ९०, १२० असं काहीतरी अधांतरी आलं तर अर्थची वायर कुठेतरी तुटली आहे किंवा मुळात ओढलेलीच नाही. वाशी-नेरुळच्या जुन्या इमारतींत आणि नौपाडा-पाचपाखाडीच्या चाळवजा घरांत हे बऱ्याचदा निघतं. सॉकेट तीन पिनी, पण मागे वायरी दोनच.

न्यूट्रल ते अर्थ अगदी काटेकोर शून्य आलं तर खूश होऊ नका. मेन बंद करून ते सॉकेट उघडायला सांगा. न्यूट्रलमधूनच एक छोटा तुकडा काढून अर्थच्या पिनेला जोडलेला सापडू शकतो. मीटरवर सगळी मापं सुंदर दिसतात, पण ज्या दिवशी मागे न्यूट्रल तुटेल त्या दिवशी फ्रिज, मशीन, गिझर यांच्या बॉडीवर फेज येईल. अशा घरात पाइप बाँड केला तर रोजच्या वापराचा न्यूट्रल करंटही गॅसच्या पाइपातून वाट शोधेल. हा तुकडा सापडला की आधी तो काढायचा. त्यापुढची सगळी कामं थांबवून खालच्या मीटर रूमपासून नवी अर्थ वायर वर आणायची.

मीटर रूममध्ये बघायचं ते असं. अर्थ पिटपासून, म्हणजे जमिनीतल्या अर्थच्या खड्ड्यापासून, आलेली जीआय किंवा तांब्याची पट्टी शाबूत आहे का, तिचे बोल्ट गंजले आहेत का, आणि तुमच्या फ्लॅटकडे जाणारी अर्थ वायर त्या पट्टीला खरोखर जोडलेली आहे का. खाडीची खारी हवा इथे बोल्ट फार लवकर खाते. पिटचं माप एप्रिल-मे महिन्यात घ्यावं. जुलैत जमीन ओलीचिंब असते, तेव्हा खराब पिटही चांगला आकडा देतो.

आरसीसीबी नसेल तर पुढे जाऊ नका

नुसत्या एमसीबीवर (करंट फार वाढला की पडणाऱ्या स्विचवर) विसंबणं इथे चालत नाही, आणि त्याचं गणित सोपं आहे. तुमच्या पिटचा रोध ५ ओहम धरा. फेज बॉडीला पूर्ण टेकला, तर पिटमार्गे जास्तीत जास्त २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर करंट जाईल. सी प्रकारच्या १६ अँपिअरच्या एमसीबीने तत्काळ पडायची हमी १६० अँपिअरला असते. ४६ ला तो काही सेकंद घेईल, कधी अर्धा मिनिटही. तोपर्यंत बॉडी, आणि बाँड केलेला असेल तर पाइपही, धोकादायक व्होल्टेजवर राहतील.

३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळणारा करंट पकडणारा स्विच) हाच दोष डोळ्याचं पातं लवायच्या आत ओळखून सप्लाय तोडतो. शंभरेक ओहमचा वाईट पिट असला तरी त्याला पुरेसा करंट मिळतो. डीबीत तो दोन खांबांचा, ‘टी’ लिहिलेलं बटण असलेला दिसेल. बटण दाबा, खटकन पडला पाहिजे. महिन्यातून एकदा हे करा, त्याला वायरमन लागत नाही. पावसाळ्यात तो वारंवार पडतो म्हणून त्याला बायपास करणारे लोक मी पाहिलेत. बाल्कनीतला ओला सॉकेट किंवा गिझरचं फुटलेलं एलिमेंट सापडलं की त्याचं पडणं थांबतं, म्हणून बायपास न करता दोष शोधायचा.

पाइपाचं माप

अर्थ आणि आरसीसीबी ठीक निघाले की मग पाइपाकडे वळायचं. गॅसचा वास नाही, खिडक्या उघड्या आहेत, हे आधी पाहायचं.

पाइप ते अर्थ एसी व्होल्टेज घ्या. अर्धा-एक व्होल्टपर्यंत ठीक. त्याहून ठळक काही आलं तर तुमच्या घराचा मेन पाडून पुन्हा माप घ्या. आकडा गेला तर दोष तुमच्या घरात, राहिला तर इमारतीत. दोष सापडेपर्यंत बाँडिंग करायचं नाही, नाहीतर शेजाऱ्याचा दोष तुमच्या वायरीतून वाहायला लागेल आणि सगळ्यांना तो सुटल्यासारखा वाटेल.

यानंतर पाइप आणि अर्थ यांच्यामधला रोध मेगरने (मोठा रोध मोजणाऱ्या मीटरने) पाहायचा. परदेशी वायरिंगच्या व्यवहारात इथे २२ किलो-ओहमचा आकडा धरतात. माणसाच्या शरीराचा रोध सुमारे १००० ओहम धरला आणि करंट १० मिलिअँपिअरच्या खाली ठेवायचा म्हटलं, तर २३० व्होल्टला एकूण २३ हजार ओहम लागतात. त्यातून शरीराचे हजार वजा केले की २२ हजार उरतात. रोध यापेक्षा बराच जास्त आला तर तो पाइप बाहेरून कुठलाही अर्थ घरात आणत नाही, आणि बाँडिंग काटेकोरपणे गरजेचं ठरत नाही. मग करायचं का? माझं मत, रायझर सगळ्या इमारतीला सामाईक असेल तर करावं. आज कोरड्या दिवशी आलेला आकडा ऑगस्टमधल्या ओल्या भिंतीवर टिकत नाही, आणि वरच्या-खालच्या घरांत कोण काय जोडून ठेवेल यावर आपला ताबा नाही.

परवानगी, जागा, सामान

पाइप, मीटर आणि झडप गॅस कंपनीने बसवलेली असतात. त्यांना हात लावण्यापूर्वी कंपनीच्या ग्राहक सेवेकडे लेखी विचारा आणि काम त्यांच्या माणसासमोर करून घ्या. विजेच्या बाजूचं काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करायचं, त्याच्याकडे शासनाच्या विद्युत विभागाचा परवाना असतो आणि तो दाखवायला सांगायला संकोच करू नये.

क्लॅम्पची जागा मीटरच्या पुढे, घराच्या बाजूला, पहिला फाटा फुटण्याआधीच्या कडक पाइपावर. ब्रिटनच्या नियमांत मीटरपासून ६०० मिलिमीटरच्या आत असं अंतर दिलेलं आहे, आपल्या घरांतही ते सहज जमतं. मीटरच्या नळकांड्यावर, रेग्युलेटरवर, कॉकवर किंवा शेगडीच्या रबरी नळीवर क्लॅम्प कधीच लावायचा नाही. नळीच्या आतल्या स्टीलच्या तारांवर अर्थसाठी अवलंबून राहायचं नसतं.

वायर तांब्याची, हिरवी किंवा हिरवी-पिवळी, किमान ६ स्क्वेअर एमएम. घराच्या मुख्य अर्थ वायरीच्या निम्मी आणि कमीत कमी ६, असा हिशोब असतो. बहुतेक फ्लॅटना १० स्क्वेअर एमएमपर्यंतची मुख्य वायर येते, तिथे ६ पुरते. घरात उरलेली दीड स्क्वेअर एमएमची वायर ‘चालेल’ म्हणणाऱ्याला काम देऊ नका. क्लॅम्प जीआय पाइपावर गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस, तांब्याच्या पाइपावर पितळेचा किंवा तांब्याचा. वेगळ्या धातूंच्या मधे दमट हवा शिरली की सांधा आतून सडतो, आणि ठाण्याला दमट हवेची कमतरता नाही. दोन्ही टोकांना क्रिम्प केलेले (दाबून बसवलेले) लग, म्हणजे बोल्टसाठी भोक असलेली धातूची टोकं, आणि क्लॅम्पजवळ टांगायला एक पट्टी: ‘सुरक्षेसाठी अर्थ जोडणी, काढू नये’.

जोडणी

मेन बंद, गॅसची मुख्य झडप बंद, खिडक्या उघड्या. वायर डीबीपासून क्लॅम्पपर्यंत एकसंध ओढायची, मधे सांधा नको. केसिंग पट्टीतून किंवा कंड्युटमधून न्यायची, ओट्याच्या वरून शेगडीच्या झळा लागतील अशी नाही.

क्लॅम्पच्या रुंदीएवढाच पाइपाचा रंग पॉलिश पेपरने हाताने घासून काढायचा. ग्राइंडर आणायचा नाही, त्याच्या ठिणग्या उडतात आणि जस्ताचा थरही निघून जातो. क्लॅम्प हलणार नाही इतका आवळायचा. तांब्याच्या पाइपावर हात आवरता घ्यायचा, कारण तो चेपतो.

क्रम महत्त्वाचा. आधी पाइपाकडचं टोक जोडायचं, मग डीबीकडचं. तुमचा मेन बंद असला तरी रायझर इतरांच्या घरांतूनही जातो, त्यामुळे शेवटची जोडणी होताना ठिणगी पडू शकते. ती पडायचीच असेल तर पाइपापासून दूर, डीबीपाशी पडू द्या. पुढेमागे वायर काढायची वेळ आली तर उलट क्रम, आधी डीबीकडचं टोक सोडायचं.

क्लॅम्पभोवती घासलेल्या जागेवर रंगाचा हात द्यायचा. मग गॅस चालू करून जवळच्या प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडे आले की लगेच झडप बंद करायची आणि कंपनीला कळवायचं. कंपनीचा आपत्कालीन क्रमांक बिलावर असतो, तो आधीच फ्रिजवर लिहून चिकटवा. एलपीजी असेल तर १९०६. वास येत असताना कुठलाही दिवा किंवा पंखा चालू करायचा नाही, आणि बंदही करायचा नाही.

शेवटची मापं

डीबीतल्या अर्थ पट्टीपासून क्लॅम्पच्या पलीकडच्या पाइपापर्यंत रोध ०.०५ ओहमच्या आत हवा. १० मीटर लांबीच्या ६ स्क्वेअर एमएम वायरीचा स्वतःचा रोध ०.०३ ओहम होतो, त्यामुळे आकडा ०.०५ च्या वर गेला तर क्लॅम्पखाली रंग राहिला आहे किंवा लग नीट दाबलेला नाही. साध्या मल्टिमीटरला एवढा बारीक आकडा कळत नाही, कमी रोध मोजणारा टेस्टर आणायला सांगा.

मेन चालू करून नव्या वायरीभोवती क्लॅम्प मीटर लावायचा. करंट जवळजवळ शून्य हवा. सतत काही अंश अँपिअर वाहत असेल तर इमारतीत कुठेतरी दोष आहे आणि तो आता तुमच्या वायरीतून वाट काढतोय. असं दिसलं तर वायर तशीच सोडून जाऊ नका, कंपनीच्या माणसाला आणि सोसायटीला त्याच दिवशी सांगा. शेवटी आरसीसीबीचं बटण पुन्हा एकदा दाबून बघा.

एकट्या घराचं काम नाही

कोपरखैरण्याच्या त्या इमारतीत आम्ही हिरवी वायर काढली. पण काकूंच्या घरातही खरा अर्थ नव्हता. सोसायटीची सभा झाली, मीटर रूममध्ये नवा पिट घेतला, प्रत्येक मजल्यावर अर्थ वायर चढवली, प्रत्येक डीबीत आरसीसीबी बसवला आणि नंतर गॅस कंपनीच्या संमतीने रायझरच्या पायथ्याशी, जीआय सुरू होतो तिथे, एक जाड बाँड घातला. हा क्रम योग्य आहे. एकट्या चौथ्या मजल्याने बाँड केला असता, तर साऱ्या इमारतीचे दोष त्या एकाच वायरीने वाहिले असते.

घोडबंदर रोडच्या उंच टॉवरमध्ये आणखी एक गोष्ट बघायला हवी. गच्चीवर आकाशातल्या विजेसाठी लावलेल्या वाहकाची (लाइटनिंग कंडक्टरची) पट्टी भिंतीवरून खाली येते, ती गॅसच्या रायझरच्या अगदी जवळून तर जात नाही ना? जवळ असेल तर दोघांमध्ये पुरेसं अंतर ठेवायचं किंवा ती नीट बाँड करायची, हा निर्णय विजेपासून संरक्षणाचं डिझाइन करणाऱ्यानेच घ्यावा. कमिटीच्या माणसाने पाना घेऊन चढू नये.

किचनचं नूतनीकरण काढलंत तर मॉड्युलरवाल्याला आधीच सांगा की मीटरजवळच्या क्लॅम्पसमोरच्या पॅनेलला दार हवं. टाइल्सवाले आणि रंगारी ती वायर ‘मधे येते’ म्हणून सर्रास काढतात आणि परत लावत नाहीत. काम संपलं की शेवटचे पैसे देण्याआधी ते दार उघडा, क्लॅम्प हाताने हलवून बघा आणि रोध पुन्हा मोजून घ्या.